गेमिंग पीसीसाठी रॅम: डब्यावरच्या आकड्यांत नेमकं काय बघायचं?

निशाचर
मंडळी, नवा पीसी जोडायला घेतलाय. बाकी सगळं ठरलं आहे: प्रोसेसर रायझन ७ ९७००एक्स, बी६५० चिपसेटचा चार स्लॉटवाला बोर्ड, मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड आणि १४४०पी मॉनिटर. घोडं अडलंय ते रॅमपाशी. चार पर्याय समोर आहेत:

१) १६ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर५ ६००० (हा वेग), सीएल३० (हा विलंब)
२) १६ जीबीच्या दोन, ७२००, सीएल३४
३) ८ जीबीच्या दोन आत्ता, पुढे तशाच आणखी दोन
४) १६ जीबीच्या दोन, ५६००, सीएल४६. हीटसिंक नाही, दिवे नाहीत, सगळ्यांत स्वस्त.

मन तिसऱ्याकडे झुकतंय. बोर्डवर चार स्लॉट दिलेत तर हळूहळू भरायला काय हरकत आहे? दुसऱ्याचाही मोह होतोय, कारण आकडा मोठा म्हणजे वेग जास्त असणार, हो ना? खेळतो ते असं: ऑनलाइन नेमबाजी, मोठे ओपन वर्ल्ड गेम, आणि कारखाना उभारायचा फॅक्टोरिओ. शेवटच्याला गेम म्हणावं की व्यसन, ते तुम्ही ठरवा.

पेचकस
तिसऱ्यावर आधी काट मारा. "आत्ता दोन, पुढे दोन" हा हिशोब डीडीआर४ पर्यंत बऱ्यापैकी चालून जायचा. डीडीआर५ मध्ये तो अंगाशी येतो.

एएमडीचा स्वतःचाच तक्ता बघा. रायझन ९००० मालिकेत दोन स्टिक लावल्या तर अधिकृत वेग ५६००. चार लावल्या की तोच ३६०० वर येतो. आता चार लावूनही ६००० गाठणारे लोक आहेत आणि नव्या बायॉसमुळे (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) त्यांची संख्याही वाढली आहे, पण त्याची हमी ना बोर्ड बनवणारा देतो ना रॅम बनवणारा. तुमच्या प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर कसा निघाला यावर सगळं.

कारण तारांमध्ये आहे. बोर्डवर स्लॉट चार असले तरी चॅनेल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा, दोनच. एका चॅनेलचे दोन स्लॉट एकाच तारेवर ओळीने बसवलेले असतात. टोकाच्या स्लॉटमध्ये एकटी स्टिक असली की सिग्नल स्वच्छ पोचतो. मधला स्लॉटही भरला की सिग्नल तिथून परावर्तित होऊन गढूळ होतो, आणि वेग जितका जास्त तितका हा त्रास जास्त. दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा असं बोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते याचसाठी. बोर्डवर ए२ आणि बी२ अशी अक्षरं दिसतील.

टकमक
पेचकस यांच्याशी सहमत. आणि समजा चार लावायच्याच नाहीत, कायम दोनच ठेवायच्या, तरी ८ जीबीची डीडीआर५ स्टिक घेऊ नये.

सध्याच्या बहुतेक चिपा १६ गिगाबिटच्या, म्हणजे प्रत्येकी २ जीबीच्या असतात. १६ जीबीच्या स्टिकवर आठ चिपा बसतात, ८ जीबीच्या स्टिकवर चारच. चार चिपांतून पूर्ण ६४ बिटांची रुंदी भरून काढायची तर प्रत्येक चिप १६ बिटांची घ्यावी लागते, आणि तसल्या चिपेत बँक ग्रुप आठाऐवजी चारच असतात. बँक ग्रुप जितके जास्त तितकी एकाची तयारी चालू असताना दुसऱ्याकडून माहिती उचलता येते. त्यामुळे लेबलवर तंतोतंत तेच आकडे असूनही ८ जीबीची जोडी मागे पडते. हे डब्यावर कुठेच छापत नाहीत.

अर्धवटराव
वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कृपया हायवे आणि लेनची उपमा कोणी देऊ नका, रॅमच्या दर धाग्यात येते.

लाल_दिवा
मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने. ७२०० म्हणजे ६००० पेक्षा २० टक्के जास्त. सीएल ३० वरून ३४ झाला म्हणून काही बिघडत नाही, गणित करून बघा. पैसे परवडत असतील तर भविष्याचा विचार करून मोठा आकडा घ्यावा.

टकमक
गणित करू या.

सीएल म्हणजे मागणी केल्यापासून माहितीचा पहिला तुकडा हाती यायला किती घड्याळ-ठोके लागतात ते. ठोका किती लांबीचा हे वेगावर ठरतं, म्हणून नुसत्या सीएलची तुलना करण्यात अर्थ नाही. सूत्र सोपं आहे: सीएल गुणिले २०००, भागिले वेग. उत्तर नॅनोसेकंदात.

६०००, सीएल३०: १०
७२००, सीएल३४: ९.४४
५६००, सीएल४६: १६.४३
जुनी डीडीआर४ ३२००, सीएल१६: १०

म्हणजे कागदावर लाल_दिवा बरोबर, ७२०० थोडी पुढेच आहे. शेवटची ओळ मुद्दाम दिली. डीडीआर५ ची चांगली किट डीडीआर४ च्या चांगल्या किटपेक्षा या मोजमापात जलद नाही. डीडीआर५ चा फायदा मुख्यतः बँडविड्थमध्ये आहे: दोन चॅनेल धरून डीडीआर४ ३२०० ला सेकंदाला ५१.२ जीबी, डीडीआर५ ६००० ला ९६ जीबी. शिवाय प्रत्येक स्टिक आतून ३२ बिटांच्या दोन स्वतंत्र उपचॅनेलमध्ये विभागलेली असते, त्यामुळे एकाच वेळी जास्त मागण्या हाताळता येतात.

पण हे झालं स्टिकपुरतं. निशाचर यांचा प्रोसेसर एएम५ (एएमडीचं सध्याचं सॉकेट) चा आहे आणि तिथे गोष्ट बदलते. पेचकस, तुम्ही लिहिताय की मी लिहू?

पेचकस
लिहितो, थोडं लांबेल.

रायझनच्या आत तीन घड्याळं चालतात: रॅमचं, मेमरी कंट्रोलरचं आणि गाभ्यांना बाकीच्या चिपेशी जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचं. रॅम ६००० वर चालते तेव्हा तिचं खरं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झ असतं, कारण प्रत्येक ठोक्यात दोनदा माहिती जाते. डीडीआर मधले पहिले दोन डी त्याचेच. कंट्रोलरही ३००० वर धावतो, म्हणजे एकास एक. बहुतेक एएम५ प्रोसेसर इथपर्यंत विनातक्रार येतात. चांगला नमुना मिळाला तर ६४०० लाही एकास एक टिकतो.

त्याच्या बऱ्याच वर गेलं की कंट्रोलर अर्ध्या घड्याळावर उतरतो. ७२०० लावलीत तर रॅमचं घड्याळ ३६०० आणि कंट्रोलर १८०० वर. म्हणजे ६००० ला जो ३००० वर धावत होता तोच आता १८०० वर रखडतोय. स्टिकमध्ये जो अर्धा नॅनोसेकंद वाचवला त्याच्यापेक्षा जास्त इथे गमावला. ८००० च्या आसपास गेलं की ही तूट बरीचशी भरून निघते, पण त्याला बोर्डही तसा लागतो आणि हाताने टायमिंग (सीएलसारखे आकडे) बसवण्याची हौसही.

बँडविड्थचं म्हणाल तर तिथेही बांध आहे. ९७००एक्स मध्ये गाभ्यांचा एकच चिपलेट आहे. फॅब्रिकवरून त्याला दर ठोक्याला ३२ बाइट वाचता येतात. फॅब्रिक २००० मेगाहर्ट्झवर धरलं तर सेकंदाला ६४ जीबी. ६००० ची रॅम ९६ देऊ शकते, म्हणजे तीच आधी जास्त आहे. ७२०० ची ११५ देईल, ती घेणार कोण?

एएमडीने २०२२ मध्ये एएम५ आणलं तेव्हाच ६००० हा सोयीचा वेग म्हणून सांगितला होता. त्यामागे जाहिरात कमी आणि हे गणित जास्त आहे.

लाल_दिवा
कंट्रोलर अर्ध्यावर उतरतो हे माहीत होतं, फॅब्रिकचा बांध माहीत नव्हता. पण मग इंटेलवाल्यांनी ७२०० का घ्यावी? तिथे तर सगळे तेच सांगतात.

पेचकस
तिथे बरोबरच सांगतात. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीत डीडीआर५ कोणत्याही वेगाला अर्ध्या घड्याळावरच चालते, गिअर २ म्हणतात त्याला. एकास एक सुटण्याची पायरीच नाही. म्हणून बोर्ड आणि प्रोसेसर झेपवतील तिथपर्यंत वेग वाढवण्यात अर्थ आहे. कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेत तर सीयूडिम नावाच्या स्टिक चालतात. त्यांच्यावर घड्याळाचा सिग्नल ताजा करणारी एक वेगळी चिप असते, त्यामुळे वरचे वेग जास्त स्थिर राहतात. एकाच किटबद्दल दोन माणसं उलट सल्ला देतात आणि दोघंही खरं बोलत असतात, असं रॅमच्या बाबतीत नेहमी होतं. आधी प्रोसेसर विचारायचा.

निशाचर
बापरे. म्हणजे दुसरा आणि तिसरा दोन्ही गेले. आता सरळ प्रश्न: पहिल्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात, की चौथा पुरे?

अर्धवटराव
आता मी बोलतो, कारण इथे सगळे नॅनोसेकंदात अडकलेत.

परीक्षणांमध्ये रॅमचे जे तक्ते दिसतात ते बहुधा सर्वांत महागडं ग्राफिक्स कार्ड लावून १०८०पी वर काढलेले असतात. त्यांचा हेतू रास्त आहे: कार्डाचा अडथळा दूर करून रॅमचा फरक उघडा पाडायचा. पण तुमचं कार्ड मधल्या दर्जाचं आणि मॉनिटर १४४०पी. ओपन वर्ल्ड गेम सगळ्या सेटिंग वर चढवून खेळताना कार्ड आधीच धापा टाकत असणार. प्रोसेसर त्याची वाट बघत बसलेला, आणि रॅम प्रोसेसरची. त्या स्थितीत सीएल३० आणि सीएल४६ मधला फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसला तर मला कळवा.

वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. रॅम चौथी घ्या.

टकमक
अर्धवटराव, अर्धं पटलं.

ओपन वर्ल्डपुरतं तुमचं म्हणणं बरोबर. पण त्यांनी ऑनलाइन नेमबाजी लिहिली आहे. तिथे लोक सेटिंग खाली आणून फ्रेम वाढवतात, भार प्रोसेसरवर येतो आणि रॅमची लेटन्सी, म्हणजे विलंब, दिसायला लागते. सरासरी एफपीएसपेक्षा जास्त फरक वन पर्सेंट लोमध्ये पडतो, म्हणजे सर्वांत मंद १ टक्का फ्रेम. आपल्याला जे अडखळल्यासारखं जाणवतं ते तिथे असतं. सरासरीचा तक्ता बघून रॅम निवडणाऱ्याला हे दिसतच नाही.

आणि फॅक्टोरिओ! हजारो पट्टे, यंत्रं, रोबो यांची स्थिती प्रत्येक अपडेटला तपासायची असते, आणि कारखाना मोठा झाला की ती सगळी माहिती प्रोसेसरच्या कॅशेत (त्याच्या आतली छोटी, जलद मेमरी) मावत नाही. मग दर वेळी रॅमकडे धाव. ग्राफिक्स कार्ड तिथे जवळपास बिनकामाचं. रॅमची लेटन्सी इतकी उघडपणे दाखवणारा दुसरा लोकप्रिय गेम मला तरी आठवत नाही.

कॅशेचा_भक्त
म्हणूनच म्हणतो, एक्स३डी प्रोसेसर घ्या आणि हा धागा बंद करा. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे, ९७००एक्स मध्ये ३२. जे कॅशेतच सापडतं त्यासाठी रॅमकडे जावंच लागत नाही. त्या प्रोसेसरला साधी ५६०० लावली तरी बऱ्याच गेममध्ये फरक किरकोळ पडतो. रॅमवर जास्तीचे पैसे घालण्याऐवजी ते कॅशेत घालावेत असं माझं स्पष्ट मत.

निशाचर
प्रोसेसर घेऊन झालाय हो. 😐

कॅशेचा_भक्त
मग पहिला पर्याय घ्या, गप्प बसतो. साधा रायझन असेल तर चांगली रॅम जास्त उपयोगी पडते, हे त्याच गणिताचं दुसरं टोक.

चिकित्सक
निशाचर, अजून एक बघा. डब्यावर सीएल३० मोठ्या अक्षरात असतं, पण त्यापुढचे आकडे बारीक असतात. एका किटवर ३०-३६-३६-७६ आणि दुसऱ्यावर ३०-४०-४०-९६ असं लिहिलेलं सापडेल. दोन्ही "६००० सीएल३०" म्हणूनच विकल्या जातात. दुसरा आकडा म्हणजे रॅमच्या आतली नवी ओळ उघडायला लागणारे ठोके. गेममधली मागणी इकडेतिकडे विखुरलेली असते, त्यामुळे ओळी सारख्या उघडाव्या-मिटाव्या लागतात आणि हा आकडाही सीएलइतकाच भोवतो. भाव सारखा असेल तर लहान आकड्यांची घ्या.

नाव कोणाचंही असो, आतल्या चिपा बहुतेक करून सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनच्या असतात. किट विकणारे त्या घेऊन, तपासून, पट्टीवर बसवून विकतात. एएम५ वर हायनिक्सच्या ए-डाय आणि एम-डाय या आवृत्तींच्या चिपांना लोक जास्त मानतात, कारण टायमिंग आवळायला त्या ऐकतात. पण डब्यावर चिप लिहिलेली नसते, आणि तोच मॉडेल नंबर ठेवून आतली चिप बदलल्याचीही उदाहरणं आहेत. लावल्यावर सीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रामच्या एसपीडी पानावर चिप कोणाची ते दिसतं. पुढेमागे "तशीच" दुसरी किट आणून जोडू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नवशिक्या_९९
इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असतं ना? मग रॅम खराब व्हायची भीती नाही?

चिकित्सक
चिपेच्या आत असतं. चिपेच्या पोटातला एखादा बिट उलटला तर ते दुरुस्त करतं, एवढंच त्याचं काम. चिपा इतक्या दाट झाल्यात की त्याशिवाय उत्पादन परवडलं नसतं. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जी चूक होते तिथे त्याचा उपयोग नाही, आणि दुरुस्ती केल्याचं ते ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतही नाही. सर्व्हरवाल्या ईसीसी स्टिक वेगळ्या, त्यांच्यावर जास्तीच्या चिपा असतात. घरच्या गेमिंग पीसीत चुका होतात त्या बहुधा वेग आणि व्होल्टेज ताणल्यामुळे, आणि त्या नेमक्या वाटेवरच होतात.

सावकाश
किती जीबी यावर कोणीच बोललं नाही. वेग नंतर, आधी भांडं पुरेसं मोठं आहे का बघा.

१६ जीबीत आजही बरेच गेम सुरू होतात आणि सरासरी एफपीएसही झकास दिसतो. पण मागे ब्राउझर, व्हॉइस चॅट, रेकॉर्डिंग चालू असेल तर रॅम भरते आणि विंडोज काही भाग एसएसडीवर टाकायला लागतं. एसएसडी कितीही जलद असो, रॅमच्या मानाने ती कासवगतीचीच. त्यात ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी असेल तर तीही ओसंडते आणि तो भार पुन्हा रॅमवरच येतो. मग मान वळवली की एक झटका.

३२ हा आज सुज्ञ आकडा. ६४ कोणाला लागते? मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ च्या अधिकृत यादीत किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श म्हणून ६४ लिहिलंय. तसले सिम्युलेटर, मॉडने खच्चून भरलेले गेम किंवा सोबत व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर विचार करा. आणि ३२ व ६४ च्या मध्ये २४ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे ४८ जीबी, हा पर्याय २०२३ पासून आहे. २४ गिगाबिटच्या चिपांमुळे तो शक्य झाला. पुढे चार स्टिक करता येणार नाहीत हे एकदा मान्य केलं की आत्ताच ४८ घेणं काही जणांना सोयीचं पडेल.

सध्याचा पीसी असेल तर तिथेच मोजा. नेहमीसारखं सगळं उघडून खेळा आणि टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर "कमिटेड" आकडा बघा. "इन यूज"पेक्षा तो जास्त खरं बोलतो.

निशाचर
मोजलं. जुन्या पीसीत १६ आहे, ओपन वर्ल्ड, ब्राउझर आणि व्हॉइस चॅट मिळून कमिटेड २३ जीबी दाखवतंय. म्हणजे ३२ पक्की, ४८ नको.

अर्धवटराव
३२ बद्दल दुमत नाही. चौथ्यातही ३२ च आहे, हे नम्रपणे आठवण करून देतो.

अवांतर: भाव उतरतील म्हणून थांबायचं का, असंही पुढे कोणीतरी विचारणारच. २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरच्या मागणीने मेमरीचे भाव चढले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल या नावाने ग्राहकांना थेट विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारखाने जिथे नफा जास्त तिकडे वळतात. गरज आहे तेव्हा घ्यावी, भविष्य सांगायला मी बसलेलो नाही. पण भाव चढे असतात तेव्हाच चौथा पर्याय जास्त शोभून दिसतो, एवढं खरं.

टकमक
दोन्हींच्या भावातला फरक किती ते बघा. थोडा असेल तर पहिली. फरक इतका असेल की तेवढ्यात ग्राफिक्स कार्ड एक पायरी वर जातं, तर अर्धवटरावांचं ऐका. फॅक्टोरिओ नसता तर मीही कदाचित चौथीच म्हटलं असतं.

पेचकस
पहिली घेणार असाल तर बायॉसचं ऐकून ठेवा.

नुसती लावली तर ६००० वर चालणार नाही. किटमध्ये जे मूळ जेडेक (मेमरीचं सर्वमान्य मानक) प्रोफाइल असेल त्यावर, म्हणजे ४८०० किंवा ५६०० वर सुरू होईल, टायमिंगही ढिलं असेल. बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो (किटमध्ये साठवलेली एएमडीची जलद सेटिंग) चालू करावं लागतं. किटवर फक्त इंटेलचं एक्सएमपी असेल तरी एएमडी बोर्ड बहुधा ते वाचतात, पण पर्याय असेल तर एक्स्पो लिहिलेली घ्या. लोक महाग रॅम आणतात आणि ही एक सेटिंग न केल्यामुळे वर्षानुवर्षं ४८०० वर खेळत राहतात.

एक्स्पो हे कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंगच आहे. व्होल्टेजही वाढतं: डीडीआर५ चं मूळ १.१, आणि ६००० च्या किट साधारण १.३५ वर चालतात. त्याने स्टिकला काही होत नाही. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तेव्हा बोर्ड एक्स्पोसोबत एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) फाजील चढवत होते, आणि एएमडीने नंतर बायॉसमधून ते १.३ वर रोखलं. म्हणून पहिलं काम बायॉस नवं करणं, एक्स्पो त्यानंतर.

पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहील. मेमरी ट्रेनिंग चालू असतं. घाबरून बटण दाबू नका.

दिवाभीत
कूलरची उंची बघितली का? दोन टॉवरवाला एअर कूलर असेल तर उंच हीटसिंकच्या स्टिक पंख्याखाली अडकतात. दिव्यांची आवड नसेल तर बुटकी घ्या. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज नियंत्रक बोर्डवरून स्टिकवर आला आहे, त्यामुळे थोडा हीटसिंक बरा, पण मुकुट कशाला?

लाल_दिवा
दिव्यांबद्दल अपशब्द खपवून घेतले जाणार नाहीत.

नवशिक्या_९९
माझ्याकडे डीडीआर४ चा जुना बोर्ड आहे, रायझन ५ ५६००. ३२०० सीएल१६ काढून ३६०० सीएल१८ घेऊ का? की डीडीआर५ ची स्टिक त्यात बसेल?

टकमक
बसणार नाही. पिना दोन्हींना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी आहे आणि व्होल्टेजची व्यवस्थाही निराळी.

३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, सूत्रात घाला: दोन्ही १० नॅनोसेकंद. ३६०० ला फॅब्रिक १८०० वर एकास एक चालतं म्हणून थोडा फायदा होतो, पण त्यासाठी चालू असलेली किट बदलू नका. १६ जीबी असेल तर मात्र ३२ करा. आणि डीडीआर४ मध्ये चार स्टिक डीडीआर५ इतक्या त्रास देत नाहीत, तुमच्याकडे दोन स्लॉट रिकामे असतील तर तीही वाट खुली आहे. फक्त मिसळल्यावर तपासणी करा.

निशाचर
पहिली घेतली. ३०-३६-३६-७६, एक्स्पोवाली, बुटकी, बिनदिव्यांची (लाल_दिवा, माफी असावी). भावातला फरक इतकाच होता की त्यात कार्डाची पायरी चढत नव्हती.

बायॉस नवं केलं, ए२-बी२ मध्ये लावली, एक्स्पो चालू केलं. पहिल्या वेळी काळा पडदा इतका वेळ राहिला की पेचकसांचा प्रतिसाद वाचला नसता तर सगळं उचकटून बसलो असतो. दोन शंका आहेत. एक, प्रत्येक वेळी चालू व्हायला बराच वेळ लागतोय. दोन, सीपीयू-झेडमध्ये डीरॅम फ्रीक्वेन्सी ३००० च दाखवतंय. निम्मी मिळाली की काय?

अर्धवटराव
दुसऱ्याचं उत्तर वर येऊन गेलंय. ते खरं घड्याळ आहे, दुप्पट करा. त्याच पानावर मेमरी कंट्रोलरचा आकडा ३००० आहे ना बघा, म्हणजे एकास एक चालतंय.

पेचकस
पहिल्याचं: बायॉसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर शोधा. ते चालू केलं की एकदा केलेलं ट्रेनिंग जपून ठेवलं जातं, दर वेळी नव्याने होत नाही. काही बोर्डांवर सोबत पॉवर डाउन एनेबल हेही चालू करावं लागतं, नाहीतर मशीन अस्थिर होतं.

आणि हे केल्यावर रॅम तपासा. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्या, मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी. एकसुद्धा चूक आली तर ती "एकच तर आहे" म्हणून सोडू नका. रॅमची चूक गेममध्ये क्रॅश होऊनच दिसेल असं नाही. विंडोज अपडेट बिघडतं, सेव्ह फाइल उघडत नाही, झिप फाइल खराब निघते, आणि माणूस महिनोन्महिने ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या देत बसतो. चूक आली तर आधी वेग ५८०० वर आणून बघा. तिथे स्वच्छ चालली तर दोष स्टिकचा असेलच असं नाही, कंट्रोलरचाही असू शकतो. मूळ जेडेक वेगालाही चुका आल्या तर मात्र किट बदलून घ्या.

निशाचर
कंट्रोलर ३००० च आहे. कॉन्टेक्स्ट रिस्टोअर आणि पॉवर डाउन दोन्ही चालू केलं, आता पटकन उघडतो. मेमटेस्ट रात्रभर चालवली, शून्य चुका. टेस्टमेम५ आत्ता लावलंय. ते संपेपर्यंत फॅक्टोरिओ उघडता येत नाहीये, त्याचा त्रास वेगळा.

सावकाश
जुनी सेव्ह फाइल असेल तर तीच दोन्ही पीसींवर चालवून यूपीएस (सेकंदाला होणारे अपडेट) किती मिळतात ते टाका. जुना प्रोसेसर कोणता तेही लिहा, नाहीतर सगळं श्रेय रॅमलाच जाईल.

कॅशेचा_भक्त
आणि वेळ असला तर एक्स्पो बंद करून एकदा, चालू करून एकदा. तोच प्रोसेसर, तीच स्टिक, तीच सेव्ह. जुन्या पीसीशी तुलना करण्यापेक्षा ते आकडे बघायला मला जास्त आवडेल.